प्रश्न विचारता येतो ती सभा

(चंद्रपूर येथील एका व्याख्यानमालेत 'विद्यापीठ, व्यासपीठ आणि वनप्रदेश' या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



आजच्या विषयाचा प्रारंभ मी एका प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी या दोन जिल्ह्यांतील एका महाविद्यालयात लोकसाहित्यावर राष्ट्रीय चर्चासत्र होते. वार्तांकनासाठी मी गेलो होतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तसे चित्र कोठेही दिसू शकते. उद्घाटनाला पाऊण तास उशीर झाला. त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, परिचय आणि मनोगते यांत दुपार झाली. भोजनानंतर शोधनिबंधांचे वाचन सुरू झाले. प्रत्येकाला सात मिनिटे. एका तरुण प्राध्यापिकेने धानरोवणीच्या गाण्यांवर निबंध वाचला. सातव्या मिनिटाला घंटा वाजली, तिने निष्कर्षाचे पान उलटले आणि ती खाली उतरली. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द झाली.

सभागृहात अगदी शेवटच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. धोतर, डोक्याला पंचा, हातात कापडी पिशवी. चहाच्या वेळी कळले की, ज्या गाण्यांवर तो निबंध होता, ती गाणी त्यांच्याच घरातून टिपून घेतलेली होती. पहाटेची एसटी पकडून ते आले होते. त्यांनी मला विचारले, "आमच्या गान्याचं का सांगतलं जी बाईनं?" मी गडबडलो. संपूर्ण निबंध ऐकूनही मला त्याचे उत्तर देता येईना. निबंधात संकल्पना पुष्कळ होत्या, गाणे मात्र कोठेच नव्हते. सायंकाळी सर्वांना प्रमाणपत्रे वाटली गेली. यादीत नाव नसल्यामुळे त्या वृद्धाला ते मिळाले नाही. त्यांना ते हवेही नव्हते. त्यांना आपल्या गाण्याविषयी दोन शब्द ऐकायचे होते आणि बहुधा दोन शब्द बोलायचेही होते.

बंधु-भगिनींनो, त्या वृद्धाचा प्रश्न हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

परंपरा व्याख्यानाची

व्याख्यानमाला ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची एक मोठी मिळकत आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. योगायोग असा की, त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ मध्ये, इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने विद्यापीठाबाहेरील नागरिकांसाठी व्याख्याने सुरू केली होती. ज्ञान चार भिंतींच्या आत कोंडून ठेवू नये, हा विचार त्या काळी दोन्हीकडे आकार घेत होता. पुढे आपल्या विद्यापीठांनी त्यासाठी 'बहिःशाल' असा नेमका शब्द घडविला. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने आपले पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावे व्याख्यानमाला चालविली आणि लहान गावांपर्यंत वक्ते पाठविले.

विदर्भाचा विचार केला तर १९२३ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी विदर्भ साहित्य संघाचाही जन्म झाला. आपल्या चंद्रपूरने तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा अनुभवले. १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ साली वसंत आबाजी डहाके. तेव्हा या नगरीला व्यासपीठाचे वावडे आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

परंतु थोडे अधिक मागे जाऊन पाहिले पाहिजे. सभा, चर्चा आणि प्रबोधन या गोष्टी येथे पुण्याहून किंवा नागपूरहून आल्या, असे समजणे हा आपला भ्रम ठरेल. माडिया गावातील गोटुल हे तरुणांच्या एकत्र येण्याचे आणि गावाच्या बैठकीचे स्थान आहे. ज्येष्ठांनी सांगावे, तरुणांनी ऐकावे, नाचावे, गावे आणि गावाचा प्रश्न गावाने बसून सोडवावा, ही तेथील रीत. देसाईगंज-वडसा परिसरातील झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते आणि धानाच्या कापलेल्या शेतात रात्र-रात्रभर हजारो माणसे नाटक पाहतात. त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला या रंगभूमीची ओळख झाली. गडचिरोलीच्या खेड्यांना ती कित्येक पिढ्यांपासून होती. आणि चिमूर तालुक्यातील गोंदोड्याच्या तपोभूमीशी ज्यांचे नाते, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तर स्वतःच एक चालतेबोलते विद्यापीठ होते. खंजिरीच्या तालावर त्यांनी ग्रामसफाईपासून स्वातंत्र्यापर्यंतचे विषय निरक्षर माणसापर्यंत नेले. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर त्यांना कारावास भोगावा लागला, तो त्यांच्या शब्दांच्या सामर्थ्यामुळेच. ज्याला आज आपण 'विस्तारकार्य' असे जड नाव देतो, ते या मातीत भजनाच्या रूपाने होऊन गेले आहे.

विद्यापीठ कोणासाठी?

अशा या भूमीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ अस्तित्वात आले. तोवर सिरोंच्याचा विद्यार्थी नागपूरच्या विद्यापीठाशी जोडलेला होता. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर त्याहून कितीतरी दूर. १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शासन जवळ आले. २०११ साली विद्यापीठ जवळ आले. ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी गडचिरोलीत येऊन या विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला उपस्थिती लावली. जनजाती समाजातील एक शिक्षिका देशाच्या सर्वोच्च पदावर पोहोचते आणि वनप्रदेशातील स्नातकांसमोर उभी राहते, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून ते जाणार नाही.

पण विद्यापीठ जवळ येणे आणि विद्यापीठ आपले होणे यांत अंतर असते. ते अंतर तोडण्याचे काम मानव्यविद्यांचे आहे. इतिहास, भाषा, साहित्य, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान या त्या विद्या. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. आमच्या काळी नातेवाईक विचारीत, "कला शाखा का? गुण कमी पडले काय?" आजही मध्यमवर्गीय घरांत तोच प्रश्न विचारला जातो. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु आपण कोण, आपल्या शेजारी राहतो तो कोण आणि आपण एकत्र का राहतो, या प्रश्नांची उत्तरे त्या अभ्यासक्रमांत मिळत नाहीत. ज्या समाजाला ही उत्तरे ठाऊक नसतात, त्याला ती दुसरे कोणीतरी पढवून जाते. गडचिरोलीने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे.

आणि येथे अभ्यासाला विषयांची वाण आहे काय? २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख आणि चंद्रपूरची बावीस लाख. एवढ्या लोकांत किती भाषा नांदतात ते पाहा. मराठी आहे, झाडीबोली आहे, गोंडी आहे, माडिया आहे. सिरोंचा-अहेरीकडे तेलुगू आहे, कोरचीकडे छत्तीसगढी आहे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या आणि मुलचेरा-चामोर्शी भागात वसविलेल्या हिंदू बांधवांची बंगाली आहे. दोन जिल्ह्यांत भारताचे एक छोटे रूपच उभे आहे. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते त्या मार्कंड्याच्या मंदिरसमूहावरील शिल्पे आहेत. चंद्रपूरचा परकोट आणि राणी हिराईने पतीच्या स्मरणार्थ उभारलेली समाधी आहे. ब्रिटिश सत्तेशी झुंज देऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी याच चंद्रपुरात फासावर गेलेले वीर बाबुराव शेडमाके आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या भूमीवर धम्मदीक्षा दिली ती दीक्षाभूमीही याच नगरीत आहे. यांतील कोणता विषय 'स्थानिक' म्हणून लहान मानायचा?

चर्चासत्रांचा रोग

मग एवढे धन उशाशी असताना आपली चर्चासत्रे कोरडी का होतात? त्याचे एक कारण व्यवस्थेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धती आणली. चर्चासत्रात निबंध वाचला की गुण, प्रसिद्ध झाला की गुण. हेतू चांगला होता. अध्यापकाने अभ्यास चालू ठेवावा, हा. परिणाम असा झाला की निबंध ऐकण्यासाठी लिहिले जाण्याऐवजी मोजण्यासाठी लिहिले जाऊ लागले. पुढे २०१८ साली नियम बदलले, परंतु लागलेली सवय नियमाबरोबर जात नाही.

दुसरे कारण दिनदर्शिकेत आहे, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची घालायचे म्हणून बहुसंख्य चर्चासत्रे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली जातात. मार्च-एप्रिल हा या प्रदेशात मोहफुले वेचण्याचा काळ. त्याच्या पाठोपाठ तेंदूपत्ता. पहाटे उठून सारे घर जंगलात जाते, कारण वर्षाची रोकड त्याच दिवसांत हाती येते. त्यानंतर पाऊस, रोवणी, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. धान कापून झाले की, दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत, माणूस मोकळा असतो. झाडीपट्टीच्या नाटक मंडळींना हे न शिकविता कळले. विद्वानांना मात्र अजून कळायचे आहे. ज्यांच्याविषयी चर्चा करायची, ते जंगलात असताना आपण सभागृहात त्यांच्यावर निबंध वाचतो.

तिसरे कारण आपल्या स्वभावात आहे. आपल्याला सभा म्हणजे समारंभ वाटतो. सत्काराला तास आणि शंकेला मिनिट! मान्यवर उद्घाटन करून निघून जातात आणि त्यांच्यापाठोपाठ अर्धे सभागृह उठते. सभा संपल्यावर वृत्तपत्रात छायाचित्र येते, पण कोणता नवा विचार पुढे आला ते कोणी लिहीत नाही. यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे आणि तो मी मान्य करतो.

रात्रीच्या सभा

आता अधिक गंभीर विषयाकडे येतो. या जंगलात आणखी एका प्रकारच्या सभा अनेक दशके भरत होत्या. रात्री निरोप यायचा, गावाने जमायचे, बंदूकधारी दलम बोलायचे आणि गावाने ऐकायचे. तेथेही भाषण होते, गाणी होती, पुस्तिका होत्या. एकच गोष्ट नव्हती. कोणाला उभे राहून प्रश्न विचारता येत नव्हता. 'खबऱ्या' ठरवून मारले गेलेले पोलीस पाटील, शिक्षक, साधे शेतकरी यांच्या घरी मी गेलो आहे. त्या घरांतील शांतता शब्दांत सांगता येत नाही.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. जवानांच्या बलिदानाचे आणि सामान्य माणसाच्या धैर्याचे ते फळ आहे. परंतु बंदूक शांत झाली म्हणजे संवाद सुरू झाला असे होत नाही. जेथे चाळीस वर्षे प्रश्न विचारणे धोक्याचे होते, तेथे माणसाला पुन्हा उभे राहून बोलण्याची सवय लागायला वेळ लागतो. ही सवय लावणारी जागा कोणती? पोलीस ठाणे ती जागा होऊ शकत नाही. प्रचारसभाही होऊ शकत नाही. विद्यापीठाचे खुले व्याख्यान मात्र होऊ शकते. तेथे वक्ता कितीही मोठा असला, तरी शेवटी त्याला प्रश्नाला सामोरे जावे लागते. ज्या सभेत प्रश्न विचारता येतो तीच खरी सभा. ते नसेल तर वक्त्याच्या हातात बंदूक आहे की माईक, एवढाच काय तो फरक उरतो.

आपलेही आत्मपरीक्षण

आणि म्हणूनच मला आपल्या, विचार परिवाराच्या, वर्तनाकडेही पाहावेसे वाटते. दुसऱ्यांचे दोष दाखविणे सोपे असते. परकीय अभ्यासकांनी जनजातींना संग्रहालयातील वस्तू बनविले, डाव्यांनी त्यांना वर्गसंघर्षाचे इंधन बनविले, हे आपण नेहमी सांगतो आणि त्यात तथ्य आहे. आपण काय करतो? आपण बौद्धिक देतो. बौद्धिकाची शिस्त मला प्रिय आहे, तिने मला घडविले आहे. परंतु बौद्धिक हे घरातले असते. विद्यापीठाच्या व्यासपीठावर आपण तीच रीत घेऊन गेलो, तर समोरचा माणूस ऐकून घेतो आणि निघून जातो.

माझाच अनुभव सांगतो. एका व्याख्यानात मी सवयीने 'वनवासी' हा शब्द वापरत होतो. एक गोंड तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आम्हाला काय म्हणायचं ते आधी आम्हाला विचारा ना." माझ्याकडे उत्तर तयार होते. वनात राहणारा आणि नगरात राहणारा एकाच समाजपुरुषाची अंगे आहेत, हा त्या शब्दामागचा भाव आहे, असे मी चांगले पाच मिनिटे सांगितले. टाळ्या पडल्या. तो तरुण खाली बसला. मला वाटले, मी जिंकलो. नंतर मी त्याला शोधले, तेव्हा तो निघून गेला होता. पुढच्या कार्यक्रमालाही तो दिसला नाही. माझे उत्तर चूक नव्हते, आजही मी त्यावर ठाम आहे. पण त्याने व्युत्पत्ती विचारली नव्हती. 'आम्हाला विचारा' एवढेच त्याचे म्हणणे होते, आणि मी विचारले नाही. पाच मिनिटे मी बोललो, त्याऐवजी एक मिनिट ऐकले असते तर एक माणूस जोडला गेला असता. आज आपलेच अनेक कार्यकर्ते 'जनजाती' हा शब्द सहजतेने वापरतात, ते त्यांनी ऐकले म्हणूनच.

अमरावतीचे बाळासाहेब देशपांडे १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचा आरंभ करतात, तेव्हा त्यांच्याजवळ सभागृह नव्हते. ते आधी त्या लोकांमध्ये राहिले. सिद्धान्त मांडण्यापूर्वी सहवास, ही आपलीच रीत आहे. व्यासपीठावर चढताना ती आपण पायऱ्यांखाली ठेवून जाऊ नये.

काय करता येईल?

निराश होण्याचे कारण नाही. गोंडवाना विद्यापीठाने २०२२ साली 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम जांभळी या गावातून सुरू केला. शिक्षण अर्धवट राहिलेल्या गावकऱ्यांना दिवसभराचे काम आटोपून गावातच पदवीचे शिक्षण घेता यावे, ही त्यामागची कल्पना. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने तर त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःचा अभ्यासगट चालविला, बाहेरचे जाणकार बोलावले, चर्चा केली आणि मगच निर्णय घेतले. तेथील मंडळी आपल्या विचारांची आहेत की नाहीत, हा प्रश्न येथे गौण आहे. चांगली रीत जेथे असेल तेथून घ्यावी.

माझ्या चार साध्या सूचना आहेत. पहिली, व्याख्यान चाळीस मिनिटांचे असावे आणि प्रश्नांनाही चाळीस मिनिटे द्यावीत. सत्कार पाच मिनिटांत आटोपावेत. दुसरी, गोंडी, माडिया, तेलुगू वा झाडीबोलीत प्रश्न विचारण्याची मुभा असावी आणि तो मराठीत सांगणारा विद्यार्थी व्यासपीठाजवळ बसलेला असावा. झाडीबोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचले; त्या बोलीला सभागृहात लाजण्याचे कारण उरू नये. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. थोरल्या बहिणीचा असा सन्मान झाला, तर तिने धाकट्या बहिणींना पदराखाली घ्यावे. तिसरी, धान निघाल्यावर अहेरी, कोरची, एटापल्ली, सिरोंचा येथे बहिःशाल व्याख्याने व्हावीत आणि नाटकाच्या मंडपात सायंकाळी तासभर ती जागा मागून घ्यावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्यांच्याविषयी निबंध आहे त्यांना पहिल्या रांगेत बसवावे आणि निबंधानंतर पहिला शब्द त्यांचा असावा.

यांतील बरीचशी कामे विद्यापीठाने करायची आहेत. पण काही आपली आहेत. आपल्यापैकी किती जण जिल्ह्यातील खुल्या व्याख्यानांना जातात? मुलांना सोबत नेतात? दूरवरून आलेल्या वक्त्याला किंवा गायकाला रात्री आपल्या घरी जेवायला आणि मुक्कामाला नेतात? पूर्वी व्याख्यानमालेचा वक्ता कोणाच्या ना कोणाच्या घरी उतरत असे. घरातील मुले त्याच्याशी बोलत आणि मोठी होत. आता तो विश्रामगृहात उतरतो. सामाजिक समरसता या शब्दाचा अर्थ आपल्या घरातल्या ताटापासून सुरू होतो, हे मी आपणास सांगायला नको.

शेवटी पुन्हा त्या वृद्धाकडे येतो. त्या दिवशी सायंकाळची एसटी येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसलो. मी म्हणालो, "बाबा, मला गाणे कळले नाही. तुम्हीच सांगा." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि स्थानकाच्या बाकावर बसून हलक्या आवाजात गायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मागून कोणीतरी येऊन उभे राहिले. पाहतो तो, निबंध वाचणारी तीच प्राध्यापिका. तिलाही तीच बस पकडायची होती. ती काही न बोलता बाकावर बसली आणि तिने वही उघडली. मध्येच तिने विचारले, "बाबा, हे पुन्हा म्हणता का? मागच्या वेळी मी चुकीचे लिहून घेतले होते." त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली, एकेक शब्द सुटा करून.

दिवसभराच्या चर्चासत्रातला पहिला प्रश्न सायंकाळी पावणेसहाला, एसटी स्थानकावर विचारला गेला. पुढच्या वेळी तो सभागृहात विचारला जावा, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून करू या.

आता मी थांबतो. घड्याळात अजून वेळ आहे आणि तो तुमच्या प्रश्नांसाठी आहे.